लंपी स्टीव्हन्स आणि मधला स्टंप

प्रश्न: अंगणात स्टंप ठोकत होतो, तर पोरगं विचारतं, "बाबा, तीनच का?" लंपी स्टीव्हन्सचं नाव आठवलं, गोष्ट अर्धवटच. कुणी सांगेल का?

उत्तर: लंपीचं खरं नाव एडवर्ड, इंग्लंडमधल्या सरे परगण्याचा गोलंदाज. मे १७७५, लंडनचं आर्टिलरी ग्राउंड, पाच-पाच जणांचा सामना. हॅम्बल्डन क्लबचा फलंदाज जॉन स्मॉल शेवटचा गडी, जिंकायला १४ धावा. तेव्हा स्टंप दोनच असत. लंपीचा चेंडू तीनदा त्यांच्या मधून आरपार गेला, पण बेल (स्टंपांवरची आडवी दांडी) काही पडली नाही! स्मॉलने सामना मारला. त्यानंतरच मधला स्टंप आला.

उत्तर: आणि हे सगळं खांद्याखालून टाकून, बरं का! खेळपट्टीची जागाही तेव्हा खेळाडूच निवडत. लंपी हमखास उंचवटा शोधायचा, म्हणजे टप्पा पडला की चेंडू खाली सरपटतो. आज असं केलं तर केवढा गहजब होईल!

उत्तर: पोटापाण्याला मात्र अर्ल ऑफ टँकरव्हिल या उमरावाकडे माळीकाम. १८१९ मध्ये वॉल्टन-ऑन-टेम्सला वारला. थडग्याचा दगड अर्लच्या घराण्यानेच बसवला म्हणतात.

प्रश्नकर्ता: आभारी आहे मंडळी. पोराचा निकाल: "स्मॉल तीनदा आऊट होता, चिडका!"