तारकापुंज की तारकागुच्छ?

सिंहगड रोड : पानशेतच्या आकाशदर्शनासाठी पत्रक लिहितेय. 'कृत्तिका हा नुसत्या डोळ्यांनी दिसणारा तारकापुंज' असं लिहिलं, तर सरांनी 'पुंज' खोडून 'गुच्छ' केलं. म्हणाले, तारकापुंज म्हणजे सिंह, वृश्चिक वगैरे. त्यांना तर मी कायम तारकासमूह म्हणत आले. आता?

सदाशिव पेठ : सरांचं बरोबर आहे. गुच्छ एका देठाचा असतो. कृत्तिकांचे तारे एकाच ढगातून जन्मले, सुमारे 440 प्रकाशवर्षांवर एकत्रच फिरतात. 88 तारकासमूहांतले तारे मात्र बहुतेक नुसते एका दिशेला दिसतात. रोहिणीचा गाडाच बघा ना! त्यातला गुच्छ 150 प्रकाशवर्षांवर, आणि तांबूस रोहिणी अवघ्या 65 वर. ती त्या गुच्छातली नाहीच, आपल्या वाटेत मधे उभी आहे.

जुन्नर : मग पुंज का हाकलायचा? कापसाचा पुंजका आठवा. आजी वाती वळायला बसली की तो बोटांनी सैल करायची, मधे दाट आणि कडेला तंतू विरळ होत गेलेले. दुर्बिणीतून शौरी तारकासमूहातला एम 13 हा ताऱ्यांचा गोळा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तोच दिसला. लाखो तारे आहेत तिथे, त्याला देठ कुठला?

औंध : सरळ 'नक्षत्र' लिहा. गावाकडेही कळतं.

सदाशिव पेठ : नको. नक्षत्रं 27, चंद्राच्या वाटेवरची. चित्रा, स्वाती म्हणजे तर एकेकच तारा. शिवाय गावाकडे 'मृग लागला' म्हणतात तेव्हा सूर्य मृगात असतो, आभाळात मृग दिसतसुद्धा नाही. तिथे नक्षत्र म्हणजे पेरणीचे दिवस.

औंध : शुद्धतेपायी चालते शब्द मारू नका. त्या 'दीर्घिके'चंच (गॅलक्सीचं) घ्या. वर्गात म्हटलं की मुलं गप्प, 'आकाशगंगा' म्हटलं की डोळे लकाकतात.

जुन्नर : पण आकाशगंगा एकच, आपली! दीर्घिका म्हणजे संस्कृतात लांबट तळं, किती सुंदर शब्द आहे. शेजारच्या देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिकेला 'देवयानीची आकाशगंगा' म्हणणं म्हणजे मुळेला गंगा म्हणणं.

औंध : नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात की. 'गंगेवर जाऊन येतो' हे आमच्या घरात रोजचं.

सिंहगड रोड : पत्रक उद्या सकाळी छापायला जातंय. पुंज की गुच्छ?

जुन्नर : औंधकर, नाशिककराला ती गोदावरी आहे हे ठाऊक असतं. देवयानीचं मुलांना कोण सांगणार?