हायब्रिडवर दीड लाखाची सूट? नाही मिळत

अण्णा, तुम्ही वर विचारलंय की नवी हायब्रिड, म्हणजे पेट्रोल आणि बॅटरी दोन्हीवर चालणारी गाडी, कर्जावर घेतली तर इन्कम टॅक्समध्ये दीड लाख सुटतात का. नाही सुटत. मलाही सोलापुरात होटगी रोडवरच्या एका शोरूममध्ये हेच ऐकवलं होतं. कोटेशनच्या मागे बॉलपेननं ‘८०ईईबी – १.५ लाख’ लिहून खाली दोन रेघाही ओढल्या! मेहुणा टॅक्सची कामं करतो, कागद बघून हसायलाच लागला. ८०ईईबी हे इन्कम टॅक्सचं कलम फक्त निव्वळ बॅटरीवर चालणाऱ्या गाडीला. पेट्रोलची टाकी आली की विषय संपला. शिवाय कर्ज १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ मध्येच मंजूर झालेलं हवं. आणि सूट व्याजाची, तीही उत्पन्नातून, करातून नव्हे. २० टक्क्यांच्या स्लॅबला दीड लाखाचे साधारण तीस हजारच वाचतात.

खरा फरक जीएसटीत. इलेक्ट्रिकला ५ टक्के. पेट्रोल हायब्रिडला सप्टेंबर २०२५ पासून लांबी चार मीटर आणि इंजिन १२०० सीसीच्या आत असेल तर १८, त्यापुढे ४०.

मी तरी हायब्रिडच घेतली, गावातल्या गावात फिरण्यासाठी. सात रस्ता चौकात थांबलो की इंजिन गप्प होतं, तेव्हा मागचा रिक्षावाला गाडी बंद पडली समजून हॉर्न वाजवतो, ते वेगळंच.