सर्वपित्रीला चाळीच्या पटांगणात गेलेल्यांची रांगोळी काढावी का?

तिसरामजला (धागाकर्ता)

नाक्यावर 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा फ्लेक्स लागतो. गेलेल्या माणसाचा पासपोर्ट फोटो ताणून मोठा केलेला, खाली 'शोकाकुल' म्हणून गॉगल लावलेली पंधरा तोंडं. तेराव्यानंतर तो उतरवायचं कुणाच्या ध्यानात राहत नाही. पावसात एक कोपरा सुटतो, आणि पुढे त्याच फ्लेक्सनं कुणाच्या तरी गळक्या पत्र्यावर झाकण पडतं. परवानगी नसेल तर १९९५ च्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायद्यात अडकायचं ते वेगळंच.

माझं म्हणणं असं: फ्लेक्स बंद करू. वर्षभरात चाळीतून जे गेले त्यांच्यासाठी भाद्रपद अमावास्येला पटांगणात व्यक्तिचित्राची रांगोळी, भोवती पणत्या, आणि रात्री दहाच्या आत बिनमाइकचं भजन. सर्वपित्री अशासाठी, की ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांचंही त्या दिवशी चालतं. २०२०-२१ मध्ये अंत्यविधीला २० माणसांची मर्यादा होती. तेव्हा जे गेले त्यांच्या दहाव्यालाही मजला जमला नाही. ते राहून गेलंय.

पळीपंचपात्र

हेतू चांगला, साधन चुकलं. रांगोळी शुभाची. सुतकात दारात रांगोळी पडत नाही, श्राद्धाच्या सकाळीही उंबरा कोराच ठेवतात. श्राद्धात पात्राभोवती रेघ असते ती भस्माची. जमिनीवर आखायचं मंडलसुद्धा वेगळं: विश्वेदेवांचं, म्हणजे श्राद्धात पितरांबरोबर बोलावतात त्या देवांचं, चौकोनी, पितरांचं गोल. एवढा बारीक भेद ज्या विधीत पाळतात, त्याच दिवशी तुम्ही चार बाय सहा फुटांची रंगीत रांगोळी घालणार. म्हाताऱ्या बायका त्या बाजूला फिरकणार नाहीत, आणि याव्यात तर त्यांनीच.

गेरूचुना

दिवाळीच्या प्रदर्शनांत दिवंगत पुढाऱ्यांचे आणि नटांचे चेहरे रांगोळीत काढतात, तेव्हा रांगेत उभं राहून बघायला याच म्हाताऱ्या असतात. तेव्हा कुणाला अशुभ आठवत नाही.

खरी अडचण हवेची आहे. प्रदर्शनातली रांगोळी बंद वर्गात, पंखे थांबवून काढतात. पटांगणात, तेही भाद्रपदात, करायची तर तयारी लागेल:

शाहाबादी फरशीवर थेट काढू नका, सांध्यांतली ओल वर येते. आठ बाय चारचा प्लाय विटांवर उचलून ठेवा, म्हणजे अचानक सर आली तर पाणी खालून जाईल. वर मेणकापड बांधायचं ते उतार देऊन. मधे झोळ राहिला की पाणी साचून नेमकं चेहऱ्यावर पडतं. प्लायला डिस्टेंपरचा एक हात द्या, गुळगुळीत सनमायकावर रांगोळी सरकते.

फोटो ८ बाय १२ इंची काढून त्यावर एक-एक इंचाचे चौकोन आखा, प्लायवर त्याचे सहा-सहा इंच. गेरू लावलेली सुतळी ताणून फटका मारला की रेघ सरळ येते. डोळे आणि ओठ जिथे येतात तिथले चौकोन पुन्हा अर्धे करा. बाकी चेहरा थोडा इकडेतिकडे झाला तर चालतो, पण डोळा अर्धा इंच सरकला की घरचे म्हणतात, "हे आमचे अण्णा नव्हेत."

पाया म्हणून खाली चार-पाच किलो पांढरी रांगोळी, तीनदा चाळलेली आणि उन्हात वाळवलेली. दमट रांगोळीचे चिमटीत गोळे होतात आणि गालावर देवी आल्यासारखं दिसतं. कातडीच्या रंगाच्या सात-आठ छटा गडद ते फिकट, सगळ्या आधीच वाट्यांत कालवून ठेवा, त्याही हव्यात त्यापेक्षा जास्त. अर्ध्यात संपली तर तीच छटा पुन्हा जमत नाही, कपाळावर सांधा दिसतो. गडद आधी, फिकट त्यावर, आणि सांधे चहाच्या गाळणीनं हलकेच भुरभुरून पुसायचे. लांबच्या कडेपासून आपल्याकडे यायचं, नाहीतर मनगट झालेल्या कामावरून फिरतं. बुबुळातला पांढरा ठिपका सगळ्यात शेवटी, दोन्ही डोळ्यांत उजेडाच्या एकाच बाजूला. सराईत दोघांना दहा-बारा तास. म्हणजे पहाटे बसलात तर दिवेलागणीला होईल.

उंबरठा

सगळं बारकाईनं सांगितलंत. दुसऱ्या दिवशीचं कोण सांगणार? सकाळी सात वाजता त्या चेहऱ्यावर केरसुणी कोण फिरवणार? सफाईवाला? की बायको, सून? ज्या घरातून माणूस जाऊन आठ महिने झालेत, त्या घराला तुम्ही ते तोंड पुन्हा एकदा पुसायला लावताय.

आणि पुसून टाकणार कुठे? मुंबईच्या बाणगंगा तलावात पितृपक्षानंतर मासे मरतात ते पाण्यात टाकलेलं पीठ, भात, तीळ कुजून प्राणवायू संपतो म्हणून. रांगोळी कुजत नाही, ती दगडाची भुकटी. गटारात गेली की तळाला बसते आणि तोंड बुजवते.

गेरूचुना

केरसुणी लावायचीच नाही. घरच्यांनी कडेपासून आत, तळहातानं, सगळे रंग एकमेकांत मिसळत आणायचे. शेवटी राखाडी ढीग उरतो, तो पिशवीत भरायचा. चेहरा एकदम मोडत नाही, हळूहळू विरत जातो. मला तर तोच या सगळ्यातला खरा विधी वाटतो.

उंबरठा

पुरुषांनाच असलं सुचतं. ढीग होईपर्यंत त्या बाईनं काय करायचं, तेवढं सांगा.

बीडीडीकर

मूळ मुद्दा कुणी घेतलाच नाही. चाळ सगळ्यांची म्हणता आणि दिवस सर्वपित्रीचा ठरवता. आमच्यात पितृपक्ष नाही, पिंड नाही, कावळा नाही. जलदान विधी होतो, त्रिशरण पंचशील घेतात, पुण्यानुमोदन होतं. तुमच्या अमावास्येच्या चौकटीत आमच्या माणसाचा फोटो बसवणार नाही. ख्रिस्ती कुटुंबांना त्यांचा २ नोव्हेंबर आहे, ते कबरीवर मेणबत्त्या लावून येतात. मुसलमान घराला तर चेहरा काढणंच नको असेल. तारीख कॅलेंडरची धरा, पंचांगाची नको.

दुसरं असं की वर्षात पाच जण गेले तर चेहरा कुणाचा? चाळ कमिटीच्या माजी सेक्रेटरीचा होईल आणि मोरीजवळच्या खोलीतल्या बाईच्या वाट्याला एक पणती येईल. फ्लेक्सवर जे होतं तेच, फक्त जमिनीवर.

तिसरामजला

तारखेचं मान्य. नोव्हेंबरमधला रविवार घेऊ, पाऊसही गेलेला असेल. पाच चेहऱ्यांचं गणित मात्र खरंच बसत नाही. पाच प्लाय, दहा हात, आणि तेवढे सराईत आणायचे कुठून?

उंबरठा

चेहरा सोडा ना. आपल्याकडे याची रीत आहेच. माणूस गेला त्या जागी दिवा ठेवतात, शेजारी तांदळाचं पीठ पसरून त्यावर टोपली पालथी घालतात आणि मग उचलून पाहतात, पाऊल कशाचं उमटलं. पाखराचं, गाईचं की वेलीचं. आपण तिथे काही काढत नाही, फक्त पीठ सपाट करतो. काढायचं ते गेलेल्यानं.

तेच पटांगणात करता येईल. प्रत्येक गेलेल्या माणसामागे दीड फुटी पाट, त्यावर पाव किलो तांदळाचं पीठ, मैद्याच्या चाळणीनं चाळून काठपट्टीनं सारखं केलेलं. गव्हाचं नको, ते चिकट असतं, ठसा नीट उठत नाही. पाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत, नाहीतर मुंग्याच सगळं लिहून जातील. बाजूला पणती, दोन मोठे चमचे तेल, तीनेक तास पुरतं. ज्याला वाटेल त्यानं येऊन पिठाला बोट लावावं. एखादं पोर अख्खा पंजा उमटवेल, उमटवू दे. पाच पाट सारखेच, सेक्रेटरीचाही तेवढाच.

पळीपंचपात्र

याला माझी हरकत नाही. वात दक्षिणेला करा, ज्यांना मानायचं त्यांच्यापुरती.

बीडीडीकर

आमच्या पाटावरची वात कुठेही करा. पण पीठ हीसुद्धा तुमच्याच घरातली रीत झाली. आम्ही पाटावर पांढरं कापड घालू, पीठ नको.

गेरूचुना

मला नाही पटलं. पिठाचे पाच पाट आणि पाच नावं, वरून बघणाऱ्याला मेन्टेनन्स थकवलेल्यांची यादी वाटेल. नवीन भाडेकरू येतो, दोन वर्षांत त्याला कळणार नाही की कोपऱ्यातल्या खोलीत कोण राहायचं, कसं हसायचं. ते चेहराच सांगतो. माणसं फ्लेक्स लावतात तीसुद्धा चेहऱ्यासाठीच. पंधरा गॉगलवाले काढा, पण त्या एका चेहऱ्याची भूक तुमचं पीठ भागवणार नाही.

उंबरठा

मग घरचे म्हणतील त्याच घराचा चेहरा काढा, तोही पहिल्या वर्षी नाही. आणि नाव रेशनकार्डावरचं घालू नका. माळवदे काकूंना अख्खी चाळ 'बबीची आई' म्हणायची. पाटावर 'सौ. शकुंतला' लिहिलंत तर शेजारीण विचारेल, ही कोण?