साडेतीन वर्षांच्या मुलीला 'फाइंडिंग निमो' दाखवावा का?

चिमणीची_आई: लेकीला मासे म्हणजे जीव की प्राण, म्हणून रविवारी निमो लावायचा बेत आहे. नवरा म्हणतो, कार्टूनच तर आहे. पण ही मिक्सर लावला तरी कान झाकते! काय करू?

निशाचर: सुरुवातच गाळा. बॅराकुडाच्या हल्ल्यात निमोची आई आणि एक सोडून सगळी अंडी जातात. थेट दाखवत नाहीत, ते मोठ्यांनाच जास्त लागतं. खरा धोका ब्रूस शार्कचा. रक्ताचा वास येताच डोळे काळेभोर आणि मग पाठलाग. पुढे अंधारात दिवा लोंबवणारा दातेरी मासा येतो. आमचं कार्टं तिथे थेट सोफ्यामागे.

काकडआरती: सेन्सॉरच्या 'यू' प्रमाणपत्रावर विसंबू नका. २०२४ पासून 'यूए'त (पालकांच्या देखरेखीखाली बघायचे) ७+, १३+, १६+ असे गट आलेत, पण 'यू' सरसकट सगळ्यांना. तीन वर्षांचं पोर आणि दहा वर्षांचं पोर एकाच मापात! त्यापेक्षा 'टोटोरो' हा जपानी कार्टूनपट बघा. ८६ मिनिटं, खलनायक नाही. फक्त आई इस्पितळात असते, धाकटी हरवते.

चिमणीची_आई: आई इस्पितळात? नको बाई, प्रश्न विचारून जीव खाईल. निमोच लावते, दुपारी, उजेडात. रिमोट माझ्याकडे.