अंगणातली भेंडी आणि पन्हळीखालचं पिंप

स्वतःच्या घरात काय करावं हे राज्याने का ठरवावं, हा प्रश्न रास्तच आहे. पण अमेरिकेत कधीकधी राज्याचा कायदाच आपल्या बाजूने उभा राहतो. फ्लोरिडात काही गावांनी घरासमोर भेंडी-वांगी लावायला बंदी केली होती. २०१९च्या राज्य कायद्याने ती मोडीत काढली. मात्र एचओएचे, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेचे, नियम त्यात येत नाहीत, तेव्हा वाफे खणण्याआधी ते कागद वाचाच.

कोलोरॅडोत तर २०१६पर्यंत पन्हळीखाली पिंप ठेवणंही बहुतेकांना बेकायदा होतं, कारण छपरावर पडलेल्या पावसावरही नदीच्या खालच्या अंगाला पाणी वापरणाऱ्या जुन्या हक्कदारांचा हक्क! आता दोन पिंपं चालतात, मिळून ११० गॅलन, तेही फक्त बाहेरच्या वापराला. मला हे फारच थोडं वाटतं.