उघड्या खाणीचा हिशोब खाण संपल्यावरच का मांडायचा?

करवीरकर:
कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी-शाहूवाडीच्या सड्यांवरील (डोंगरमाथ्यावरच्या सपाट खडकाळ पठारांवरील) बॉक्साइटचा, म्हणजे ॲल्युमिनियमच्या खनिजाचा, विषय निघाला की ‘वरची माती काढायची, त्यात एवढे काय?’ असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. म्हणून तांब्याच्या उघड्या खाणींचा इतिहास चर्चेला ठेवतो. १९०६ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात बिंगहॅम कॅन्यन येथे वाफेच्या फावड्यांनी डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी कापायला सुरुवात झाली आणि जेमतेम दोन टक्के तांबे असलेला दगडही परवडू लागला. म्हणजे शंभर टन दगडामागे अठ्ठ्याण्णव टन गाळ तिथेच उरणार, आणि वरचा निरुपयोगी खडक वेगळाच. मोंटानातील ब्यूट शहरात १९५५ साली सुरू झालेल्या बर्कली खाणीने मीडरव्हिल आणि मॅक्वीन या नांदत्या वस्त्या गिळल्या. १९८२ मध्ये पाणी उपसणारे पंप बंद होताच खड्ड्यात भूजल चढू लागले, खडकातील गंधकयुक्त खनिजांवर हवा-पाण्याची क्रिया होऊन ते आम्लधर्मी झाले, आणि १९९५ मध्ये त्या तळ्यावर उतरलेले स्नो गूज जातीचे ३४२ पक्षी मेले. माझे मत असे, की खाण बंद करण्याचा संपूर्ण खर्च पहिला सुरुंग उडण्याआधीच भरून घ्यावा.

उद्यमनगरवाला:
असहमत. आमच्याकडे शेतीपंपाच्या जळालेल्या मोटारी रिवाइंडिंगला येतात. जुनी तांब्याची तार काढून भंगारात घातली तरी नवी तार किलोच्या भावाने घ्यावीच लागते, आणि तिचा भाव वाढला की शेतकरी आमच्याशीच हुज्जत घालतो. भुयारी खाणी तरी कुठे पुण्यवान होत्या? त्याच ब्यूटमध्ये १९१७ च्या जूनमध्ये भुयारात आग लागून १६८ कामगार गेले. आधीच सगळे पैसे मागितले तर आपल्याकडे कोणी खाण काढणार नाही; तांबे चिलीतून येईल आणि धूळ तिकडच्यांनी खायची!

करवीरकर:
चिलीचेच उदाहरण घ्या. चुकिकामाता ही अवाढव्य खाण १९७१ मध्ये सरकारजमा झाली, देशाच्या तिजोरीत मोठा पैसा आला, हे मान्यच आहे. तरीही प्रदूषणामुळे आणि खाणीच्या विस्तारासाठी खाणीलगतची अख्खी कामगार वसाहत उठवून कालामा शहरात हलवावी लागली, आणि तिथले रुग्णालय टाकाऊ खडकाच्या ढिगाखाली गाडले गेले. मालक सरकारी झाल्याने धूळ कमी होत नाही.

सड्यावरचा:
दोघांनाही एक सांगतो. बॉक्साइटमध्ये तांब्याच्या धातुकासारखी गंधकयुक्त खनिजे नसतात, त्यामुळे आम्लाच्या तळ्याची भीती इथे गैरलागू आहे. ब्यूटचे दाखले देऊन आमचे गाऱ्हाणे उलट कमकुवत होते. आमचे नुकसान वेगळे आहे. सड्याचा सच्छिद्र जांभा पावसाचे पाणी धरून ठेवतो आणि पायथ्याच्या झऱ्यांना हळूहळू सोडतो. आमच्या वाडीचा झरा, वरचा थर निघाल्यापासून, शिमग्यालाच आटतो आणि बायकांना ओढ्यापर्यंत घागरी न्याव्या लागतात. खाण बंद करण्याची योजना आणि आर्थिक हमी आपल्या कायद्यात आहेच, पण ती हमी हेक्टरवर ठरते. झऱ्याचे हेक्टर कसे मोजणार?

उद्यमनगरवाला:
हा मुद्दा पटतो. पण मग वाद आगाऊ रकमेचा उरत नाही, मोजणीचा होतो. खाण सुरू होण्याआधी दोन उन्हाळे पायथ्याचे झरे मोजून नोंद गावाकडे ठेवावी. पुढे पाणी घटले तर ती घट खाणीमुळे नाही, हे मालकाने सिद्ध करावे. एवढी अट असेल तर माझा विरोध नाही.

करवीरकर:
अट चांगली आहे, पण सिद्ध होईपर्यंत टँकरचे पैसे कोण देणार? त्यासाठी तरी रक्कम आधीच हवी.