१९६९ ची कॅमारो झेड/२८ : इंजिन मूळचंच आहे हे कसं ओळखायचं?

कोलंबसकर
मंडळी, जरा घाईने सल्ला हवाय. इथे ओहायोत एक १९६९ ची शेव्हरोले कॅमारो झेड/२८ (कॅमारोची खास वेगवान आवृत्ती) विकायला आहे. मालक म्हणतात 'नंबर मॅचिंग' आहे, म्हणजे कारखान्यातून निघताना होतं तेच ३०२ घन इंचांचं इंजिन आजही आत आहे. त्यासाठी ते २०,००० डॉलर जास्त मागताहेत. इंजिनावर पंच केलेला नंबर मी पाहिला, तो चासी नंबराशी जुळतो. आणखी काय तपासू? शनिवारी पुन्हा बघायला जातोय. या गाडीसाठी बरीच वर्षं पैसे बाजूला टाकलेत, चूक व्हायला नको.

वुडवर्डवारी
नुसता नंबर जुळला म्हणून चेक फाडू नका. अक्षरांचे पंच बाजारात कुणालाही मिळतात. पॅडचा, म्हणजे इंजिनावर नंबर मारलेल्या जागेचा, जवळून फोटो टाका.

बिडाचा_ब्लॉक
सविस्तर लिहितो, कारण या गाड्यांत फसलेली माणसं मी पाहिली आहेत.

पहिली गोष्ट, १९७२ च्या आधीच्या शेव्हरोलेत चासी नंबरावरून नेमकं इंजिन कळतच नाही. तुमचा नंबर १२४३७९एन असा सुरू होत असेल. १ म्हणजे शेव्हरोले, २४ म्हणजे व्ही-८ कॅमारो, ३७ म्हणजे कूपे, ९ म्हणजे १९६९, एन म्हणजे नॉर्वूडचा कारखाना. साधं ३०७ इंजिन असलेल्या गाडीवरही हेच आकडे असतात. त्यामुळे सगळा भार इंजिनावरच्या खुणांवर येतो.

पॅड म्हणजे ब्लॉकची (इंजिनाच्या मुख्य बिडाच्या भागाची) ती छोटी सपाट जागा, उजवीकडच्या हेडच्या अगदी पुढे. ६९ च्या गाडीत आल्टरनेटर त्याच बाजूला असल्याने ती नीट दिसत नाही. मालकांना विचारून आल्टरनेटर सैल करून बाजूला घ्या. तिथे इंजिन कारखान्याचा शिक्का दिसेल: व्ही म्हणजे फ्लिंट, मग महिना आणि दिवसाचे चार आकडे, मग डीझेड. ६९ च्या झेड/२८ चा कोड डीझेडच. दुसरा शिक्का गाडी जोडणाऱ्या कारखान्याचा: १९एन आणि पुढे चासी नंबराचे शेवटचे सहा आकडे. काही गाड्यांत हा दुसरा शिक्का पॅडवर नसून खाली ऑइल फिल्टरच्या वर असतो. दोन्ही शिक्के वेगळ्या कारखान्यांत, वेगळ्या हत्यारांनी मारलेले, म्हणून दोन्हींची अक्षरं तंतोतंत एकाच वळणाची दिसली तर मला शंका येते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मूळ पॅडवर पुढून मागे जाणाऱ्या बारीक समांतर रेघा असतात, कारखान्यात ब्लॉकचा माथा ब्रोच या दातेरी हत्याराने कापताना पडलेल्या. खोटा नंबर मारायचा तर आधी जुना घासून काढावा लागतो, आणि त्यात त्या रेघा जातात. पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत किंवा गोल ओरखड्यांचा असेल तर सावध व्हा. मात्र इंजिन बांधताना मशीन शॉपमध्ये माथा प्रामाणिकपणे कापला गेला तरीही रेघा जातात, तेव्हा एवढ्यावरून कुणावर आरोप करू नका. पॅड पुसायला कार्ब्युरेटर क्लीनर आणि मऊ फडकं वापरा. सॅंडपेपर चुकूनही नको, पुरावाच पुसला जाईल. टॉर्च आडवा धरून फोटो काढा.

शेवटी ब्लॉक ओतल्याची तारीख. ती मागच्या बाजूला, गिअरबॉक्स बसतो त्या कडेवर, उजवीकडे असते. ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी असं पुढे. मग दिवस आणि वर्षाचा फक्त शेवटचा आकडा. फायरवॉलमुळे (इंजिन आणि बैठकीमधल्या पत्र्याच्या भिंतीमुळे) जागा अडचणीची आहे, छोटा आरसा न्या. पंच बनावट करता येतो, पण बिडात ओतलेली उठावाची अक्षरं बदलणं फार कठीण. क्रम असाच हवा: आधी ब्लॉक ओतला, मग इंजिन जोडलं, मग गाडी.

वुडवर्डवारी
यात भर. फायरवॉलवरच्या ट्रिम टॅगवर (गाडीचे कोड असलेल्या छोट्या धातूच्या पट्टीवर) गाडीच्या बांधणीचा महिना-आठवडा असतो. नॉर्वूडची गाडी डिसेंबर १९६८ च्या मध्यानंतरची असेल तर टॅगवर एक्स३३ किंवा एक्स७७ बघा, ते झेड/२८ चे कोड. पॉन्टिअॅक असती तर कारखान्याच्या नोंदींची प्रत मागवता आली असती, अमेरिकेत विकलेल्या शेव्हरोलेला ती सोय नाही. म्हणून वॉरंटीच्या पुस्तिकेतली धातूची पट्टी, प्रोटेक्ट-ओ-प्लेट, आहे का ते विचारा. आणि पॅडवर सीई अक्षरं दिसली तर तो वॉरंटीत बदलून दिलेला ब्लॉक. मूळचा नाही, पण त्यात लबाडीही नाही.

कोलंबसकर
जाऊन आलो. पॅडवर व्ही०२१०डीझेड, म्हणजे १० फेब्रुवारी. टॅगवर ०२डी, फेब्रुवारीचा चौथा आठवडा, आणि एक्स७७. इथपर्यंत छान. पण पॅड अगदी गुळगुळीत. मग आरशात मागची तारीख वाचली: सी १९ ९. दोनदा पुसून वाचली.

बिडाचा_ब्लॉक
म्हणजे १९ मार्च. इंजिन १० फेब्रुवारीला जोडलं आणि त्याचा ब्लॉक मार्चमध्ये ओतला, हे शक्य नाही. ब्लॉकवर ओतलेला, त्याचा प्रकार सांगणारा क्रमांक काय?

कोलंबसकर
३९७००१०.

बिडाचा_ब्लॉक
तो ब्लॉक १९६९ पासून पुढे दशकभर साध्या ३५० इंजिनांत वापरला गेला. तेव्हा तो ९ म्हणजे ६९ की ७९, हेही सांगता येणार नाही. कुठलंही धरा, ब्लॉक गाडीनंतरचा आहे. पॅड घासून नंबर नव्याने मारलाय.

कोलंबसकर
मालकांना आरशात दाखवलं. त्यांनीही ती 'मॅचिंग' समजूनच घेतली होती, चेहरा उतरला त्यांचा. काउलखालचा, म्हणजे पुढच्या काचेखालच्या पत्र्याआड लपवलेला चासी नंबर मात्र जुळतो. मग गाडी खरी झेड/२८ ना?

वुडवर्डवारी
लपवलेला नंबर आणि टॅग शाबूत असेल तर हो. टॅगचे रिवेट मूळचे आहेत का ते बघा. मग मूळ इंजिन नसलेली गाडी म्हणूनच भाव ठरवा, ते २०,००० वजा करून. विक्रीच्या कागदावर ब्लॉकबद्दल स्पष्ट लिहून घ्या. पुढे जानेवारी ६९ चा ओतलेला ब्लॉक मिळाला तर बसवा, पण त्यावर तुमचा नंबर मारू नका.

कोलंबसकर
मालक तयार झालेत. रिवेट बघायला गुरुवारी जातोय.